बहात्तर टाके

आमच्या घराण्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर पहिलं टोपडं माझ्या आपाच्या हातचं असतं. असा काही नियम नाही, पण कुणी मोडलाही नाही. भावांची मुलं, चुलतभावांची, मामेबहिणीची, माझी स्वतःची दोन्ही मुलं, अशी आजवर एकोणीस टोपडी झाली. विसावं माझ्या लेकीच्या बाळाचं होणार होतं. लेक पहिल्या बाळंतपणाला नाशिकला माहेरी यायची होती, जानेवारीच्या अखेरची तारीख होती. आणि नोव्हेंबरात आपा एक दिवस म्हणाली, "मला आता सुईचं टोक दिसत नाही."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनला ती तयार होती, पण साखर तयार नव्हती. साखर खाली येईपर्यंत डोळ्याला हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. म्हणजे कमीत कमी दीड-दोन महिने. मी म्हटलं, दुकानातून आणू एखादं टोपडं. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटात स्वेटरच्या राशी लागल्यात. आपा काही बोलली नाही. चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मग तू घाल टाके."

मी चोपन्न वर्षांची आहे. महापालिकेच्या शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. शर्टाला बटण लावण्यापलीकडे सुईशी माझा संबंध नाही, आणि खरं सांगायचं तर याचा मला थोडा अभिमानच होता. शाळेत असताना कार्यानुभवाच्या तासाला बाकीच्या मुली रुमालावर फुलं काढायच्या, तेव्हा मी बाकाखाली गोष्टीचं पुस्तक धरायचे. पुढे शिक्षिका झाल्यावर दर ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मुलींसमोर भाषण करताना माझं एक ठरलेलं वाक्य असे: आमच्या घरात मुलींच्या हाती सुया द्यायचे, मी सुया बाजूला ठेवल्या आणि पुस्तक धरलं. टाळ्या यायच्या. या वाक्याकडे मला परत यायचं आहे, पण आधी लोकर.

लोकर घ्यायला आम्ही दोघी रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या दुकानात गेलो. आपाला दिसत नव्हतं म्हणून ती गुंड्या गालाला लावून बघत होती. दुकानदार तिला चाळीस वर्षं ओळखतो, त्यामुळे त्याला काही वाटलं नाही; मलाच ओशाळल्यासारखं झालं. "ही टोचेल, ही नाही, ही धुतल्यावर बुरबुरेल," असं करत तिने पांढरी आणि आकाशी अशा दोन गुंड्या निवडल्या. मी विचारलं, ही मेंढीचीच ना? दोघंही हसले. आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक लुधियानाची ॲक्रिलिक, मेंढीचा तिच्याशी काही संबंध नाही. ओळखायची खूण आपाने घरी येऊन दाखवली. एक तुकडा कापून काडीपेटीला लावला. तो वितळून काळा, कडक मणी झाला. खरी लोकर असती तर केस जळाल्याचा वास आला असता आणि बोटाने चुरडून राख झाली असती. बाळाला मात्र ही नकली बरी, टोचत नाही आणि रोज धुता येते.

सुया ॲल्युमिनियमच्या, १० नंबरच्या. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. गणिताच्या बाईला पहिल्याच पायरीवर हे उलटं वाटलं. १२ नंबरची सुई पावणेतीन मिलिमीटरची, १० ची सव्वातीनची, ८ ची चार मिलिमीटरची. पुढे या उलट्या नंबरांशी माझी चांगलीच गाठ पडणार होती.

पहिले चार दिवस मी आपाला न सांगता मोबाईलवर बघून शिकायचा प्रयत्न केला. बहुतेक व्हिडिओ हिंदीत, त्यात टाक्याला फंदा म्हणतात आणि सुलटला सीधा. बाईंचे हात इतके भराभर चालायचे की मी थांबवून, मागे नेऊन, पुन्हा थांबवून बघायची. हाती आलं ते गुंतवळ्यासारखं होतं. पाचव्या दिवशी मी ते घेऊन जुन्या नाशकात आपाच्या घरी गेले. तिने ते हातात घेतलं, डोळे न उघडताच बोटांनी चाचपलं आणि विचारलं, "हे काय, बोळा?"

मग तिने मला समोर न बसवता शेजारी बसवलं. समोर बसलं की डावं-उजवं उलटतं, शेजारी बसलं की हात हातासारखा दिसतो. आणि ती दिसण्यावर शिकवतच नव्हती. माझ्या हातांवर तिचे हात, असं चाललं होतं.

टाके घालायला आधी दोरा मोजून सोडावा लागतो. एका टाक्याला साधारण एक इंच, वर थोडा शिल्लक. सरकगाठ करून ती सुईत घालायची, मग अंगठ्यावर दोऱ्याचा फास घ्यायचा, सुई त्या फासात घालून दोरा ओढायचा आणि फास आवळायचा. चाळीस टाके घाल, ती म्हणाली. चाळीस टाक्यांना मला तीन वेळा प्रयत्न आणि पाऊण तास लागला. दोनदा दोरा कमी पडला.

मग सुलट. दोरा मागे ठेवायचा, उजवी सुई टाक्यात पुढून मागे घालायची, दोरा तिच्यावरून फिरवायचा, तो टाक्यातून पुढे काढायचा, आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. सांगायला चार गोष्टी आहेत. करताना चौथीची भीती वाटते. टाका सोडला की तो पळून जाईल असंच वाटत राहतं, म्हणून मी दोरा इतका आवळून धरायची की पुढच्या ओळीला सुई आत शिरायलाच तयार नसायची. कुरकुर आवाज यायचा. आपा त्या आवाजावरूनच ओळखायची. "इतना खेंच नको गे. तो कुठे जात नाही. खालच्याने त्याला धरलंय."

दहा ओळी सुलट विणल्यावर मी टाके मोजले. चाळीसाचे सत्तेचाळीस झाले होते. मी पुन्हा मोजले. सत्तेचाळीसच. कुणीही वाढवले नाहीत आणि वाढले, अशी बरकत आपल्या पगारात कधी दिसत नाही. कारण मात्र साधं निघालं. ओळीच्या सुरुवातीला दोरा सुईवरून मागे टाकला की पहिला टाका ताणला जातो आणि त्याचे दोन पाय दोन टाक्यांसारखे दिसतात. मी दोन्ही पाय विणत होते. दोरा सुईच्या खालून मागे न्यायचा, एवढाच उपाय.

ते सत्तेचाळीस टाके आपाने माझ्याच हाताने उसवायला लावले. उसवणं मला आवडत नव्हतं, पण त्यातूनच एक गोष्ट कळली. विणलेली अख्खी पट्टी म्हणजे एकच दोरा असतो. कापडात उभे-आडवे हजार धागे असतात, इथे एकच, स्वतःच्याच फासातून पुढे जाणारा. टोक ओढलं की सगळं परत गुंडीत.

उलट टाका दोन दिवसांनी शिकले. दोरा पुढे घ्यायचा आणि सुई टाक्यात मागून पुढे आणायची. हाताला तो वेगळाच वाटतो. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणत गेलं की पुढची बाजू गुळगुळीत दिसते, वेणीच्या पेडांसारखी, आणि मागची दाणेदार. मी वीस ओळी विणल्या आणि मागच्या बाजूकडे बघत बसले. तिथे उलटचे दाणे होते. पण ज्या ओळी मी सुलट विणल्या होत्या त्यासुद्धा मागून उलटच दिसत होत्या. म्हणजे टाका एकच. आपण कुठे बसलोय त्यावर त्याला सुलट म्हणायचं की उलट ते ठरतं. मी हे मोठ्या शोधाच्या थाटात आपाला सांगितलं. ती म्हणाली, "हां. मग बॉर्डर घालताना लक्षात ठेवायचं काही कारणच नाही. समोर सुलट दिसला की सुलट विण, दाणा दिसला की उलट विण."

शिवाय ती पट्टी कडांनी गुंडाळत होती. कितीही सरळ करा, पापडासारखी वळायची. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, मी तिच्यावर रात्रभर शब्दकोश ठेवला. आपा या शब्दकोशावर अजून हसते. ती वीण वळतेच, म्हणून तर स्वेटरच्या खाली आणि बाह्यांना एक सुलट एक उलटची बॉर्डर घालतात. तिथे दोन्हीकडचा ओढा सारखा पडतो, कापड सपाट राहतं आणि ताणलं की परत येतं. बॉर्डरचीही एक खोड आहे. सुलटवरून उलटकडे जाताना दोरा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा असतो. मी तो सुईवरून आणत होते. त्यामुळे फुकटचा टाका वाढायचा आणि खाली भोक पडायचं. माझी पहिली बॉर्डर चाळणीसारखी झाली.

हे सुलट-उलट, टाका, उसवणं, सगळे शब्द आपा मराठीत वापरते. आमच्या घरी दखनी बोलतात, पण विणकाम तिच्या तोंडी मराठीतच येतं. कारण ती ते मराठीत शिकली.

आम्ही पिंजारी. जुन्या नाशकात पिंजारघाट नावाचा भागच आहे, तो आमच्यासारख्यांच्या नावाचा. अब्बा खांद्यावर धनुकली टाकून दिवाळीनंतर घरोघर जायचे. गाद्या-रजया उसवून, दबलेला कापूस पिंजून, पुन्हा भरून द्यायचे. धनुकलीची तात कापसात टणकली की कापूस फुलून वर यायचा. हे काम वाड्याच्या अंगणात चालायचं, दिवसभर. आपा त्यांच्याबरोबर जायची, गादीला टाके घालायला. पंचवटीतल्या एका वाड्यातल्या काकूंनी तिला ओसरीवर बसवून सुया दिल्या. अब्बा अंगणात कापूस उडवतायत आणि ही ओसरीवर एक सुलट एक उलट.

त्या काकू स्वतः विणायला लागल्या १९६२ मध्ये. चीनशी युद्ध चालू होतं, हिमालयात जवानांना गरम कपडे नव्हते, आणि देशभरच्या बायका स्वेटर, मोजे विणून पाठवत होत्या. यशवंतराव चव्हाण मुंबईहून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते त्याच साली, आणि पुढच्या वर्षी ते लोकसभेवर निवडून गेले ते आमच्या नाशिकमधून, बिनविरोध. काकू सांगायच्या की तेव्हा वाड्यात हिरवट खाकी लोकरीशिवाय दुसरा रंग नव्हता. आपाचा जन्मही १९६२ चाच.

१९७५ मध्ये सातवी पास झाल्यावर तिची शाळा सुटली. अम्मी आजारी असायची, खाली आम्ही पाच जण. कुणी काही जाहीर केलं नाही, जूनमध्ये तिची वही आणली गेली नाही एवढंच. लोक आम्हाला विचारतात की मुसलमान म्हणून काढलं का शाळेतून. आमच्या गल्लीतल्या दोन हिंदू मुलींची शाळाही त्याच जूनमध्ये सुटली होती. पोटं जास्त होती आणि हात कमी. त्यातून फोमच्या गाद्या यायला लागल्या होत्या आणि अब्बांची हंगामातली घरं वर्षागणिक कमी होत होती. आपा स्वेटरच्या ऑर्डरी घ्यायला लागली. दुपारी आणि रात्री विणायची. नाशिकची थंडी तेव्हा आजच्यापेक्षा जास्त वाटायची, आणि स्वेटर दुकानातून आणण्यापेक्षा विणून घ्यायची पद्धत होती. १९८८ ते १९९० मी डी.एड. केलं, त्याची फी तिच्या सुयांतून आली. हे मला माहीत होतं. माझ्या भाषणात मात्र ते कधी नव्हतं.

अब्बांसाठी तिने विणलेले मोजे मला आठवतात. डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की नाशिकही काकडतं, आणि फजरच्या वुजूला टाकीतलं पाणी पायावर घेणं म्हणजे परीक्षा. चामड्याच्या मोज्यांवर ओला हात फिरवला की पुरतं, मुक्कामी माणसाला एक दिवस-रात्र, प्रवाशाला तीन. आपाने विचार केला की लोकरीचे जाडजूड विणले तर तेही चालतील. सुई बारीक घेऊन, दोन दोरे एकत्र करून तिने गुडघ्यापर्यंत मोजे विणले. अब्बा ते घेऊन मौलानांकडे गेले. मौलानांनी एक मोजा हातात घेतला, बोट घालून ताणला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, पाणी आत जाईल, चालणार नाही. अब्बा रोज पहाटे ते काढून पाय धुवायचे आणि परत घालायचे. आपा अजून म्हणते, आणखी बारीक सुई असती तर झाले असते.

हे ऐकून मी तिला वाचलेली एक गोष्ट सांगितली. दोन सुयांच्या विणकामाचे जगातले सगळ्यात जुने नमुने इजिप्तमध्ये सापडलेत, तिथे मुस्लिम राज्य असतानाचे. निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे आहेत. हे काम पुढे स्पेनमार्गे युरोपात पोचलं आणि तिथून कित्येक शतकांनी मिशनरी आणि इंग्रज बायकांच्या पिशव्यांतून आपल्याकडे आलं. मला हे सांगताना जरा ऐट वाटत होती. बघ, आपलीच वस्तू जग फिरून काकूंच्या ओसरीवर आली. मग मी म्हटलं, त्यातल्या काही मोज्यांवर कुफी वळणात 'अल्लाह' विणलंय असं अभ्यासक म्हणतात.

आपा ताठ बसली. "मोज्यावर?"

"हो."

"पायात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नुसती नक्षी असेल, अक्षरासारखी दिसणारी, असं म्हणून मी वेळ मारून नेली. मग दुसरं सांगितलं, की स्पेनमध्ये बुर्गोसजवळ एका ख्रिस्ती राजपुत्राच्या कबरीत, तो १२७५ मध्ये वारला, रेशमी दोऱ्याने विणलेली उशी मिळाली आणि तिच्या काठावर अरबीत 'बरका' विणलेलं आहे. आपली बरकत. मुस्लिम कारागिराचं काम. हे तिला पटलं. उशीवर बरकत चालते.

डिसेंबरच्या मध्यावर ती म्हणाली, आता टोपडं. बहात्तर टाके.

मी विचारलं बहात्तरच का. तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या आवाजाकडे. "बहात्तरला दोन जातो, तीन जातो, चार, सहा, आठ, नऊ, बारा जातो. कुठलीही नक्षी घाल, अडत नाही. आणि वरती मिटवताना आठ भाग पडतात." पाचवीला विभाज्यतेच्या कसोट्या मी एकोणतीस वर्षं शिकवतेय. कसोट्या कशाला लागतात हे एकाही वर्षी मुलांना नीट सांगता आलं नव्हतं.

पुढचं गणितही तिचंच. नवजात बाळाचं डोकं साधारण चौदा इंच. टोपडं ताणतं म्हणून बारा इंचांचं विणायचं. इंचाला सहा टाके, बारा सक बहात्तर. मी बॉर्डर घातली, चार ओळी वर गेले. आपाने पट्टी मांडीवर पसरली, तर्जनीचं एक पेर तिच्यावर टेकवलं आणि नखाने टाके मोजले. तिचं पेर बरोब्बर इंचाचं आहे. "सात," ती म्हणाली. माझा हात घट्ट. इंचाला सात म्हणजे बहात्तर टाक्यांचं टोपडं सव्वादहा इंचांचं. ते बाळाला नाही, नारळाला बसलं असतं.

मी म्हटलं, मग चौऱ्याऐंशी घालते, सात गुणिले बारा.

"टाके नको बदलू. सुई बदल. तुझा हात काही आता बदलायचा नाही." आणि तिने डब्यातून ८ नंबरच्या सुया काढल्या. त्या सुयांवर माझ्या घट्ट हाताचे इंचाला सहा टाके बसले.

त्या रात्री लाईट गेले होते आणि मी तिच्याकडेच राहिले होते. मोबाईलच्या उजेडात विणत होते. मधे एक टाका गळला आणि खाली चार ओळी शिडी पडली. पूर्वी मी किंचाळले असते. आता क्रोशाची सुई घेतली, गळलेल्या टाक्यात घातली, शिडीची एकेक आडवी काडी त्यातून ओढत वर आणली आणि टाका परत सुईवर चढवला. मला स्वतःचंच कौतुक वाटलं आणि त्या भरात मी बोलून गेले, "लहानपणी शिकवलं असतंस तर आज इतकं कठीण गेलं नसतं. मी मागितल्या होत्या तुझ्याकडे सुया. हातावर मारलं होतंस."

ती अंथरुणावर पडली होती. बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं झोपली.

"तू सातवीत होतीस," ती म्हणाली. "अब्बांनी विचारलं होतं मला, छोटीला येतं का विणायला. मी म्हटलं, तिच्या हातात कलाच नाही, लोकर वाया जाईल. तुला आलं असतं तर तुलाही बसवलं असतं."

"अब्बांनी?"

"अब्बा वाईट नव्हते. विणणारे दोन हात होते, चार झाले असते. हिशोब सोपा होता."

मी विणत राहिले. ती पूर्ण ओळ चुकली, सुलटच्या जागी उलट, आणि मला सकाळी दिसली. उसवली.

म्हणजे सुया मी बाजूला ठेवल्या नव्हत्या. त्या मला दिल्याच गेल्या नव्हत्या. यंदा ३ जानेवारीला शाळेत माझं नाव भाषणाच्या यादीत होतं. मी ते वाक्य तयार करून बघितलं, दोन-तीन प्रकारे, आणि एकही प्रकार आपाचं खासगी गाऱ्हाणं चव्हाट्यावर न आणता जमेना. शेवटी भाषण केलंच नाही. सहावीच्या वर्गात पिशवीतून अर्धं टोपडं काढलं आणि फळ्यावर ७२ लिहून मुलांना म्हटलं, याला कोणकोणत्या संख्यांनी भाग जातो सांगा, आणि माझ्या बहिणीने हाच आकडा का निवडला असेल ते सांगा. पंधरा मिनिटांत त्यांनी सगळं काढलं. तास संपल्यावर एक मुलगा मागे रेंगाळला. सुया मोठ्या की छोट्या, केवढ्याला मिळतात, असं विचारत होता. त्याला मी त्या चाळीस टाक्यांच्या सुया दिल्या. १० नंबरच्या.

वरचा भाग मिटवायला मी घाबरत होते, पण तिथेच सगळ्यात मजा आली. बहात्तरचे आठ भाग, प्रत्येकी नऊ. दर नवातले सात सुलट विणायचे आणि शेवटचे दोन एकत्र. राहिले चौसष्ट. उलटची एक ओळ. मग दर आठातले सहा सुलट, दोन एकत्र, राहिले छप्पन्न. मग अठ्ठेचाळीस, चाळीस, बत्तीस, चोवीस, सोळा. आठाचा पाढा खाली उतरत होता आणि सुईवर टोपडं घुमटासारखं वळत होतं. शेवटी आठ टाके राहिले. दोरा तोडून, तो बोथट सुईत ओवून आठही टाक्यांतून काढला आणि ओढला. भोक मिटलं. मग पाठीमागची शिवण.

आपाने ते हातात घेऊन सगळीकडून फिरवून बघितलं, बोटांनी. बॉर्डरवर अंगठा दोनदा फिरला. "झालं," म्हणाली.

नातीचा जन्म २७ जानेवारीला झाला. त्याच आठवड्यात आपाची साखर आटोक्यात आली आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सातव्या दिवशी अकीका. जावळ काढलं, केसांच्या वजनाइतक्या चांदीची किंमत बाजूला काढली, आणि उघड्या गुळगुळीत डोक्यावर लगेच टोपडं चढवलं, कारण बाहेर गार वारा होता. बसलं. थोडं कपाळावर आवळत होतं, पण बसलं.

आपा काळा चष्मा लावून कोपऱ्यात बसली होती. बाळ मांडीवर घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि टोपड्याकडे निरखून पाहिलं. मग नखाने एका जागी टेकवलं. बॉर्डरच्या वर चौथ्या ओळीत, सुलटच्या मधे एक दाणा होता. मला तोपर्यंत दिसला नव्हता.

"हा मला तेव्हाच बोटाला लागला होता," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू अख्खं उसवलं असतंस. नात आली असती आणि टोपडं आलं नसतं."

मग तिने बाळाच्या कपाळावरची कड बोटाने किंचित सैल केली. तिथे लालसर वळ उमटला होता. "सुरुवातीचे टाके घट्ट घातलेस. पुढच्या वेळी दोन सुया एकत्र धर आणि दोन्हींवर मिळून टाके घाल. घालून झाले की एक काढून घे. आपोआप ढिले पडतात."

"पुढच्या वेळी कुणासाठी?"

"धाकट्या भाभीच्या सुनेला पाचवा महिना लागलाय," आपा म्हणाली, आणि चष्मा परत डोळ्यांवर ओढला.